कोथिंबिरीची रोपं मागणाऱ्या पोराच्या निमित्ताने



गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका पोराचा फोन आला. वय असेल पंचवीस-सव्वीस. म्हणाला, "काका, कोथिंबिरीची रोपं कुठल्या नर्सरीत मिळतील? ट्रेमधलीच पाहिजेत."

मला आधी वाटलं मीच चुकीचं ऐकलं. म्हणलं, "अरे, टोमॅटोची म्हणतोयस का?"

"नाय काका, कोथिंबिरीचीच. मी घरात केली होती, पण निम्मी पडली. आता वेळ नाही, तयार मिळाली तर बघतोय."

दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि त्याच्या घरी गेलो. मागच्या खोलीत लोखंडी रॅक, त्यावर चार फळ्या, प्रत्येक फळीवर एक एलईडी ट्यूब. रॅकवर मावले नाहीत म्हणून जमिनीवर पण ट्रे. खिडकीला पोतं लावलेलं, कारण कुणीतरी सांगितलेलं की बी अंधारात उगवतं. उगवलेलं सगळं वीतभर लांब, दोऱ्यासारखं, पिवळट. बोट लावलं की आडवं. बुडाशी काळी पडलेली. कोकोपीट मुठीत दाबलं तर पाणी गळत होतं.

ट्रे, कोकोपीट, रॅक, ट्यूबा आणि चौदाशे रुपयांचा एक "ऑनलाइन कोर्स". पैसे आईच्या बचतगटातून उचललेले. हप्ता पुढच्या महिन्यापासून.

मला त्या पोराचा राग आला नाही. शिकायची इच्छा आहे, कष्टाची तयारी आहे. राग आला तो "घरात ट्रेमध्ये बी टाका आणि लखपती व्हा" असं सांगणाऱ्यांचा. आणि थोडा आपल्या लोकांचाही, म्हणजे नर्सरीवाले, दुकानदार आणि आमचे कृषी पदवीधर मित्र. कारण यातला एकजणही त्या पोराला साधा प्रश्न विचारत नाही, की बाबा, बी कशाचं आहे?

आज त्यावरच लिहितोय. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

घरात बी लावायची पद्धत आली कुठून?

ही पद्धत खोटी नाही. युरोपात, अमेरिकेच्या उत्तर भागात, कॅनडात लोक खरोखर घरात रोपं करतात. तिकडं मार्च-एप्रिलपर्यंत, काही ठिकाणी मेपर्यंत रात्री दहिवर गोठतं. तुळशीच्या जातीचं बेसिल तर दहा अंशाखालीच कुथायला लागतं, गोठलं की संपलंच. उन्हाळा मिळतो चार-पाच महिने. म्हणून ते शेवटचं दहिवर कधी पडेल याचा अंदाज धरून त्याच्या सहा-आठ आठवडे आधी घरात, उबेला, दिव्याखाली बी टाकतात. त्यांचा शत्रू थंडी. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे घर. बरोबर आहे त्यांचं.

आता आपल्याकडं या. आमच्या जुन्नर भागात डिसेंबर-जानेवारीत चांगली थंडी पडते, पण शेत काही बर्फाखाली जात नाही. आपला शत्रू दुसरा आहे. एप्रिल-मेचं ऊन आणि जून ते सप्टेंबरचा मारा करणारा पाऊस. म्हणजे रोपाला डोक्यावर ऊन-पावसापासून आडोसा हवा, आणि बाजूनं मात्र वारा आणि उजेड हवा. घर काय करतं? नेमकं उलटं. वारा अडवतं, उजेड अडवतं आणि पावसाळ्यातली ओल आत कोंडून ठेवतं.

दुसऱ्याचं औषध घेण्याआधी त्याचा आजार तरी बघावा.

मीही हेच केलेलं आहे

मी काही शहाणा म्हणून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका व्यापाऱ्यानं पार्सली आणि बेसिल मागितलं. जून सुरू झालेला. शेडनेटवर पाऊस पडतो तो थेंब थेंब होऊन आत गळतोच, म्हणून मी डोकं चालवलं आणि जुन्या घराच्या माडीवर साठ ट्रे मांडले. दोन ट्यूबा लावल्या. रोज सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी.

आठव्या दिवशी बेसिल उगवलं, मला आनंद. बाराव्या दिवशी खिडकीकडं माना वाकवून सगळी रोपं उभी. पंधराव्या दिवशी एका कोपऱ्यातून मर सुरू झाली आणि चार दिवसांत निम्मे ट्रे झोपले. पार्सली तर तोवर उगवलीच नव्हती. मी म्हणलं बी खोटं आहे, आणि ट्रे उपडे केले. उपडे करताना पाहिलं तर काही बियांना नुकते पांढरे मोड आलेले होते. पार्सलीला उगवायला दोन ते चार आठवडे लागतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ऑर्डर गेली. व्यापारी पुन्हा आला नाही. आई खाली ओट्यावर बसून एवढंच म्हणाली, "माडीवर कांदा ठेवतात रं, लेकरं वाढवत नाहीत."

ट्यूबचा हिशेब

उजेडाचं गणित एकदा कागदावर मांडा. भर दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. पन्नास टक्के नेटखाली पन्नास हजार. आपल्या खोलीत ट्यूब लावून तीनशे-पाचशे लक्स. आपल्याला लख्ख वाटतं, कारण माणसाचा डोळा जुळवून घेतो. रोपाला तसं जुळवून घेता येत नाही. मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप फुकट मिळतं. आकडा तंतोतंत नसतो, पण खोलीत एकदा आणि अंगणात एकदा धरून बघा. पुढचं वाचायची गरज पडणार नाही.

धट्टंकट्टं रोप हवं तर दिवसाला बारा-चौदा तास किमान दहा-बारा हजार लक्स पाहिजे. वीस वॅटची एक एलईडी ट्यूब साधारण दोन हजार ल्युमेन देते. चार फूट बाय दोन फुटाच्या फळीवर तो सगळाच्या सगळा उजेड पडला असं धरलं तरी पावणेतीन हजार लक्सच्या पुढं जात नाही. म्हणजे एका फळीला चार-पाच ट्यूबा. पाच ट्यूबा गुणिले चौदा तास म्हणजे रोजचं 1.4 युनिट, आणि त्या फळीवर मावणार चार ट्रे.

आता दहा गुंठे बेसिलला साडेसात हजार रोपं धरा. 104 कप्प्यांचे पंच्याहत्तर ट्रे. एकोणीस फळ्या, रोजची सव्वीस-सत्तावीस युनिट वीज. आणि आपल्याकडं लाईट किती तास असते ते मी सांगायला नको.

वर सूर्य फुकट आहे.

कोथिंबीर ट्रेत? कशासाठी?

आता त्या पोराच्या कोथिंबिरीकडं येतो.

कोथिंबीर पाल्यासाठी 40-45 दिवसांचं पीक. त्यातले तीन आठवडे ट्रेत काढले तर अर्धं आयुष्य पेल्याएवढ्या कप्प्यात गेलं. कप्प्याची खोली दीड-पावणेदोन इंच. कोथिंबिरीचं मूळ सोटमूळ, सरळ खाली जाणारं. खाली प्लास्टिक लागलं की ते वळतं. त्यात पुन्हा उपटून लावायचा धक्का. धक्का बसला, वर ऊन तापलं, की कोथिंबीर पाला द्यायचा सोडून डेंग काढते. फुलावर आलेली कोथिंबीर कोण घेतंय?

शेपूचंही तेच. मेथीचंही तेच. ही पिकं एकदा जिथं पडली तिथंच वाढायची.

आता बियाण्याचा हिशेब बघा. पाल्यासाठी आपण एकरी 25-30 किलो धने टाकतो. एक हजार धन्यांचं वजन साधारण दहा ग्रॅम धरलं तर किलोत एक लाख आणि पंचवीस किलोत पंचवीस लाख धने झाले. एका कप्प्यात पाच-पाच टाकले तरी 104 च्या ट्रेमध्ये 520. म्हणजे एकराला 4,800 ट्रे! एका ट्रेला सव्वा किलोच्या आसपास कोकोपीट लागतं. सहा टन कोकोपीट आणि वर पाच लाख कप्प्यांची लागण. किती बाया लावणार, आणि त्यांची मजुरी नारायणगावच्या लिलावात शेकड्याला कुठला भाव मिळाला म्हणजे सुटणार?

आणखी एक. आपली कोथिंबीर मुळासकट उपटून जुडी बांधतात. जुडीच्या बुडाला कोकोपीटचे गोळे लटकलेले बघून व्यापारी काय म्हणेल ते तुम्हीच ठरवा.

आई काय करायची? धने ओट्यावर पसरून चपलेनं हलके रगडायची. धना म्हणजे जोडबी, दोन अर्ध एकमेकांना चिकटलेले. रगडलं की दोन होतात. मग रात्रभर फडक्यात भिजवून, सुकवून वाफ्यात. कोर्स नव्हता, रॅक नव्हतं. बियाणं निम्म्यात भागायचं आणि आठ-दहा दिवसांत रान हिरवं व्हायचं.

कुणी म्हणेल, पावसाळ्यात वाफ्यातलं बी वाहून जातं, पिवळं पडतं. खरं आहे, माझंही गेलंय. त्यावर इलाज उंच गादीवाफा आणि पाणी निघायला चर. फेकण्यापेक्षा ओळीत पेरलं तर खुरपायलाही सोपं. एप्रिल-मेत उगवण कमी होते, कारण धन्याला वीस-पंचवीस अंश मानवतात आणि तिशीच्या वर तो रुसतो. तेव्हा पेरून वर नेट किंवा मक्याचा आडोसा करा. जिथं अडचण आहे तिथंच ती सोडवा.

मग ट्रे कुणासाठी?

इथं मी ट्रेच्या बाजूनं बोलणार आहे. कारण "आमच्या बापजाद्यांनी कधी ट्रे वापरला नाही" असं म्हणणारेही मला तितकेच चुकीचे वाटतात.

सेलरीचं बी बघितलंय का? एका ग्रॅममध्ये दोन हजारांच्या वर बिया. थाईम, ओरेगॅनो त्याहून बारीक. हे वाफ्यात टाकलं तर पहिल्या पावसात कुठं गेलं कळत नाही, आणि उगवेपर्यंत तण गुडघ्याला लागतं. पार्सली तीन-तीन आठवडे जमिनीत नुसती बसून राहते. बेसिलचं बी महाग आणि झाडं अंतरावर लावायची. ही सगळी पिकं ट्रेसाठीच आहेत. बी बारीक, महाग, उगवायला हळू आणि झाड शेतात बरेच महिने राहणारं असेल तर ट्रे. बी जाड, स्वस्त, सोटमूळ आणि पीक महिन्या-दीड महिन्याचं असेल तर सरळ रानात. एवढं ज्याला कळलं त्याला कोर्स लागत नाही.

आणि काही गोष्टींना बीच नको. पुदिना काडीवर येतो. गवती चहाचे ठोंब लावा. रोझमेरीचं बी उगवतं कमी आणि रडवतं जास्त, काडी लावा. पुदिन्याच्या बियांची पाकिटं विकत घेऊन ट्रे भरणारे मी पाहिले आहेत. बांधावर फुकट पुदिना असताना!

ट्रे करायचेच असतील तर मी आता कसे करतो ते सांगतो. माझ्या चुकांतून आलेलं आहे, पटलं तर घ्या.

1. जागा. चार वासे, वर पारदर्शक प्लास्टिक उताराला ओढून, त्याखाली गरजेपुरतं नेट, चारी बाजूंनी कीडरोधक जाळी. पाऊस वरून अडतो, वारा बाजूनं खेळतो. ट्रे जमिनीवर ठेवायचे नाहीत. बांबूचा माचा करायचा. खालून हवा लागली की मूळ भोकाबाहेर जात नाही, आतच फुटवे धरतं, आणि खालची घाणही ट्रेला लागत नाही.

2. कोकोपीट. विटेवर धुतलेलं लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. नारळाच्या काथ्यात मीठ असतं. भिजवा, पाणी निथळू द्या, पुन्हा भिजवा. ईसी मीटर असेल तर निथळलेल्या पाण्याचा आकडा एकच्या खाली आला पाहिजे. भरताना ट्रायकोडर्मा मिसळतो. ओल किती? मूठ दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये.

3. बी. पार्सली रात्रभर भिजवतो आणि ते पाणी फेकून देतो, बियांच्या सालीतला उगवण रोखणारा अंश त्यात उतरतो. बेसिल कधीही भिजवत नाही. सब्जा पाण्यात टाकल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बी कोरडंच टाकायचं, वर हलका थर. सेलरी, थाईम, ओरेगॅनो वरच्यावर टाकून नुसतं दाबायचं, झाकायचं नाही. सेलरीला उगवायलाच उजेड लागतो. तिला काळ्या प्लास्टिकखाली कोंडून "बी खोटं निघालं" म्हणू नका.

4. थप्पी. टोमॅटोची सवय म्हणून आपण ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदात गुंडाळतो. बेसिलला तीन-चार दिवस चालतं, पण रोज उघडून बघायचं. पहिला कोंब दिसला की त्याच तासाला ट्रे सुटे करायचे. एक दिवस उशीर झाला तरी रोप लांबतं, आणि लांबलेलं रोप पुन्हा बुटकं होत नाही.

5. पाणी. सकाळी एकदा, बारीक फवाऱ्यानं. दुपारी वरचा थर पांढरा दिसला तर पुन्हा. संध्याकाळी रोपं ओली ठेवून झोपायचं नाही. मर लागली तर आधी पाणी तोडा आणि हवा वाढवा, औषधाची बाटली नंतर. जुने ट्रे धुऊन, निर्जंतुक करूनच वापरा.

6. खाणं. कोकोपीटमध्ये अन्न नसतं. पहिली खरी पानं आली की 19:19:19 लिटरला एक ग्रॅमनं सुरू करतो. लावणीच्या आधी आठवडाभर नेट काढून, पाणी थोडं ताणून रोप कणखर करतो. लागण उन्हं कलल्यावरच.

आता आपल्या माणसांना दोन शब्द

नर्सरीवाल्या भावांनो, गिऱ्हाईक कोथिंबिरीची रोपं मागायला आलं तर "करून देऊ की" म्हणू नका. आज हजार ट्रेचे पैसे मिळतील, पण तो माणूस पुन्हा टोमॅटोची रोपं न्यायलाही तुमच्या दारात येणार नाही.

बियाणं विकणाऱ्यांनो, परदेशी हर्ब्सचं बी मोठ्या पिशवीतून काढून छोट्या पुडीत भरता, त्यावर उगवणशक्ती किती, तपासणी कधीची, काहीच लिहिलेलं नसतं. पार्सली-सेलरीचं बी फार वर्षं टिकत नाही. जुनं बी, महिनाभर वाट पाहणं आणि शेवटी रिकामा ट्रे. शेतकऱ्याला कळतच नाही की चूक त्याची होती की पुडीची. मंडळी, लेबल नसेल तर घेऊ नका. घेतलंच तर आधी पन्नास बिया ओल्या फडक्यात ठेवून मोजा.

आणि कृषी पदवीधर मित्रांनो, तुमच्यावर माझा हक्क आहे म्हणून बोलतो. प्रशिक्षणात "प्रो-ट्रे तंत्रज्ञान" म्हणून एकच पाठ सगळ्या पिकांना लावू नका. टोमॅटोचा पाठ सेलरीला चालत नाही आणि सेलरीचा कोथिंबिरीला तर नाहीच. बियांचे स्वभाव तुम्ही कॉलेजात शिकलात. उगवणीला उजेड लागतो की अंधार, किती अंश, सोटमूळ की तंतुमूळ, हे तुम्हाला पाठ आहे. मग मंचावर उभं राहिलं की ते कुठं जातं? समोर बसलेली बाई बचतगटाचं कर्ज काढून घरी जाणार असते. तिला ट्रेचा फोटो दाखवण्याआधी तिच्या हातात बी ठेवा.

त्या पोराचं पुढं काय झालं

मेलेले ट्रे आम्ही दोघांनी मिळून खड्ड्यात उपडे केले. रॅकच्या फळ्या बाहेर काढून त्यांचाच माचा केला, वर माझ्याकडचं जुनं प्लास्टिक टाकलं. ट्रे धुवून घेतले. आता त्यात वीस ट्रे बेसिल आणि दहा ट्रे पार्सली आहे, तेवढीच विकायची सोय आहे म्हणून तेवढंच. उरलेले ट्रे रचून ठेवलेत, टोमॅटोच्या वेळी कामाला येतील. कोथिंबीर पाच गुंठे गादीवाफ्यावर ओळीत पेरली. धने त्याच्या आजीनं रगडून दिले. आजी घरातच होती, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

ट्यूबा परत घेत नाही म्हणाला दुकानदार. कोर्सवाला फोन उचलत नाही. बचतगटाचा हप्ता पाच तारखेला आहे आणि कोथिंबीर त्याआधी निघणार नाही. पहिला हप्ता त्याला दुसरीकडून भरावा लागेल. ते गणित मी सोडवू शकलो नाही.

म्हणून हे लिहिलं. पुढच्या पोराला फोन माझ्याआधी दुसऱ्या कुणाला करायचा असेल, तर तो ट्रे घ्यायच्या आधी करू द्या. आणि त्यानं फोन तुम्हाला केला, तर पहिला प्रश्न विचारा, "बी कशाचं आहे?"

माझं कुठं चुकत असेल तर सांगा. तुमच्या रानात वेगळं घडलं असेल तर तारीख, वाण आणि ट्रे कुठं ठेवला होता ते लिहा, म्हणजे सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

राम राम.